जॉन्सनसाहेब, जेट्सची माणसं दुसरीकडे गेल्यावरच का जिंकतात?

१२ जानेवारी २०२५
एडिसन, न्यू जर्सी

मा. श्री. वुडी जॉन्सन,
मालक, न्यू यॉर्क जेट्स (अमेरिकन फुटबॉल संघ),
फ्लोरहॅम पार्क, न्यू जर्सी

स. न. वि. वि.

आज प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा रविवार. दुपारी एकला बफेलोत बिल्स आणि ब्रॉन्कोज, साडेचारला फिलाडेल्फियात ईगल्स आणि पॅकर्स, रात्री आठला टँपात बकनिअर्स आणि कमांडर्स. आमच्याकडे तिन्ही सामने लागणार, चहाच्या फेऱ्याही होणार. यांत जेट्स कुठेच नाहीत हे वेगळं सांगायला नको. २०१० च्या मोसमानंतर तुमचा संघ एकदाही प्लेऑफला पोहोचलेला नाही. हा सलग चौदावा कोरडा मोसम. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, आइस हॉकी अशा चारही मोठ्या लीग पालथ्या घातल्या तरी इतका लांब उपास आज दुसऱ्या कुणाच्या नशिबी नाही.

आणि तरी गंमत बघा. रात्री टँपा बे बकनिअर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभे असतील ते टॉड बोल्स. चार मोसम ते आपल्याकडे होते. २०१८ चा मोसम संपला आणि जेट्सनी त्यांना घरी पाठवलं. टँपाची सूत्रं हाती आल्यापासून तीन वर्षांत तिन्ही वेळा त्यांनी टँपाचा विभाग (लीगमधला गट) जिंकला आहे. ब्रॉन्कोजच्या राखीव क्वार्टरबॅकांत (चढाई चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) झॅक विल्सन आहे, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आपण दुसऱ्या क्रमांकावर उचललेला. उद्या ॲरिझोनात (लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे सामना तिकडे हलवलाय) मिनेसोटा व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक म्हणून सॅम डार्नल्ड उतरेल. तो आपला २०१८ चा, तिसऱ्या क्रमांकाचा. यंदा त्याच्या संघाने सतरापैकी चौदा सामने जिंकले. म्हणजे प्लेऑफमध्ये जेट्स नाहीत, पण जेट्सनी हातचे घालवलेले लोक आहेत.

हे असं का होतं, एवढंच मला तुम्हाला विचारायचंय. बाकीचं सगळं त्याच्याच अनुषंगाने.

आधी आम्ही कोण ते सांगतो. एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ. नोकरीसाठी आलेली माणसं. क्रिकेट आम्ही बरोबर घेऊन आलो, तुमचा हा खेळ मुलांनी शाळेतून घरात आणला. सुरुवातीला "हे सारखे थांबतात का?" यापलीकडे काही कळत नव्हतं. मग चार प्रयत्नांत दहा यार्डांचं गणित डोक्यात बसलं आणि व्यसन लागलं. संघ निवडायची वेळ आली तेव्हा जवळचा निवडला. नावात न्यू यॉर्क असलं तरी जेट्स खेळतात ईस्ट रदरफर्डला आणि सराव करतात फ्लोरहॅम पार्कला, म्हणजे आमच्याच राज्यात. तुमचं घराणंही इथलंच. न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय, त्याच गावात तुमच्या आजोबांच्या नावाचं रॉबर्ट वुड जॉन्सन रुग्णालय. आमच्या ओळखीतली कितीतरी पोरं तिथे जन्मली. त्यांचे आईबाप तर त्याआधी भारतात मुलुंडच्या कारखान्यातल्या बेबी पावडरीने माखून वाढलेले. तेव्हा परकं कुणी बोलतंय असं समजू नका.

आपल्याच मैदानात खेळणाऱ्या जायंट्सची यंदा आपल्याहून वाईट दशा झाली, ३ विजय आणि १४ पराभव. त्यांच्या चाहत्यांनी डिसेंबरात विमानाच्या शेपटीला फलक बांधून मैदानावरून फिरवले, मालकांना निरोप म्हणून. आम्हाला विमान परवडत नाही. पत्र परवडतं.

आता मोसमाबद्दल. ५ विजय, १२ पराभव. मात्र बारापैकी सात पराभव सहा किंवा त्याहून कमी गुणांचे आहेत. ब्रॉन्कोज आणि कोल्ट्सकडून एकेका गुणाने, ऑक्टोबरात बिल्स आणि पेट्रियट्सकडून तीन-तीन गुणांनी, सीहॉक्सकडून पाच, व्हायकिंग्ज आणि डॉल्फिन्सकडून सहा-सहा. ज्याला खेळच येत नाही तो संघ असा हरत नाही, तो दुसऱ्या क्वार्टरमध्येच आडवा होतो आणि लोक लवकर घरी जातात. हा संघ शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत सामन्यात असायचा. आणि नेमकं तेव्हा कुणाच्या शब्दावर चालायचं हे कुणालाच ठाऊक नसायचं.

२९ सप्टेंबरचा ब्रॉन्कोजविरुद्धचा सामना आठवतो का? पाऊस पडत होता. समोर बो निक्स, पहिल्याच वर्षाचा क्वार्टरबॅक. आपल्या बचावाने त्याला अख्ख्या सामन्यात पासवर फक्त ६० यार्ड दिले. साठ! एवढं केल्यावर सामना खिशात असायला हवा. पण आपल्याला १३ वेळा दंड झाला, ९० यार्डांचा. त्यात पाच फॉल्स स्टार्ट. घरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो: चेंडू सुटायच्या आधी चढाई करणाऱ्यांपैकी कुणी जागेवरून हललं की पाच यार्ड मागे. क्वार्टरबॅक मुद्दाम हाकेची लय बदलत राहतो, समोरचा बचाव फसून आधीच उडी मारेल या आशेने. आपला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स या विद्येत पक्का मुरलेला. त्या दिवशी समोरचे राहिले बाजूला, आपलेच गडी फसत होते. शेवटी ग्रेग झुर्लाइनची पन्नास यार्डांवरून मारलेली किक हुकली आणि १०-९ असा सामना गेला. नंतर प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांनी ही हाकेची पद्धत आपल्या संघाला झेपते का यावरच शंका काढली. रॉजर्सने उत्तर दिलं की चुकणाऱ्याला जाब विचारणं हाही एक मार्ग आहे. मुख्य प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक यांचे दोन रस्ते आम्हाला टीव्हीवर दिसत होते, तर तुम्हाला फ्लोरहॅम पार्कमध्ये दिसले नसतील असं कसं म्हणू?

पुढच्या रविवारी लंडन, टॉटनहॅमचं मैदान. तुम्ही अमेरिकेचे राजदूत म्हणून राहिलात ते शहर, त्यामुळे तुमच्यासाठी तो सामना काही साधा नसणार. आपण १७-० ने मागे पडलो, मग धडपडलो, शेवटी २३-१७ ने हरलो. रॉजर्सचे तीन पास विरोधकांच्या हाती गेले, त्यातला एक व्हायकिंग्जच्या व्हॅन गिंकेलने थेट आपल्या गोलरेषेपार नेऊन टचडाउन केला. समोर क्वार्टरबॅक कोण होता? डार्नल्ड. त्या दिवशी तो काही चमकला नाही. त्याला चमकावं लागलंच नाही.

मंगळवारी, ८ ऑक्टोबरला सकाळी, तुम्ही सालेहना काढलंत.

पाच सामने झाले होते. दोन जिंकलेले, तीन हरलेले. पुढच्या सोमवारी घरच्या मैदानावर बिल्सशी गाठ होती आणि तो जिंकलो असतो तर विभागात त्यांच्या बरोबरीला आलो असतो. पंचवीस वर्षं संघ तुमच्याकडे आहे, पण मोसमाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षकाला काढायची ही तुमची पहिलीच वेळ. निर्णय माझा, असं तुम्ही स्वतः सांगितलंत, ते बरं केलंत. निदान इतरांच्या आडून बोलला नाहीत.

मी सालेहची वकिली करायला बसलेलो नाही. त्यांच्या खात्यावर एकूण २० विजय आणि ३६ पराभव आहेत. २०२३ चा मोसम संपल्यावर त्यांना नारळ दिला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तेव्हा ठेवलंत. मग सगळा उन्हाळा त्यांच्या हाताखाली गेला, संघ त्यांनी बांधला, डावपेच त्यांचे, आणि पाच सामन्यांत तुमचा धीर सुटला. जेट्सनी आजवर जमवलेल्या सर्वांत गुणी संघांपैकी हा एक आहे आणि त्याला जिंकायची पुरेपूर संधी मिळावी म्हणून हा बदल करतोय, असा तुमचा युक्तिवाद होता. त्या संधीचं पुढे काय झालं ते बघू.

सालेह मूळचे बचावाचे. बचावाचे प्रमुख जेफ उल्ब्रिक यांच्या डोक्यावर तुम्ही मुख्य प्रशिक्षकपदही ठेवलंत. चढाईचे डाव ठरवायचं काम नॅथॅनिएल हॅकेट यांच्याकडून निघून टॉड डाउनिंग यांच्याकडे गेलं. एका आठवड्यात तीन खुर्च्या हलल्या. बिल्सविरुद्धचा सामना आपण २३-२० असा घालवला, झुर्लाइनच्या दोन किक हुकल्या. त्यानंतर, ज्या बचावाच्या जिवावर संघ दोन वर्षं तग धरून होता तोच ढासळला. पिट्सबर्गने ३७ गुण घेतले, ॲरिझोनाने ३१, डिसेंबरच्या शेवटी बफेलोने ४०. पेट्रियट्सचा नवखा क्वार्टरबॅक जखमी होऊन बाहेर गेला तरी राखीव माणसाने शेवटच्या मिनिटाला आपल्याला हरवलं. उल्ब्रिकच्या हाताखाली एकूण तीन विजय, नऊ पराभव. १९ नोव्हेंबरला जनरल मॅनेजर जो डग्लसही गेले. तुमच्या कारभाराबद्दल डिसेंबरात वर्तमानपत्रांतून आणखी बरंच छापून आलं आणि तुमच्या कार्यालयाने ते फेटाळलं. त्यात मी पडत नाही. मैदानात सगळ्यांसमोर घडलं तेवढं पुरे आहे.

त्यातलं एक मी मैदानात बसून पाहिलं. १ डिसेंबर, सीहॉक्सविरुद्धचा सामना. सीकॉकसला गाडी बदलून मेडोलँड्सच्या ट्रेनने गेलो. वाहनतळावर आमच्यातल्या एका कुटुंबाने ग्रिलवर तवा ठेवून थालीपिठं लावली होती आणि शेजारच्या गाडीवाल्यांना लोण्यासकट वाटत होते. आमच्या जागा अगदी वर. तिथून खेळाडूंचे चेहरे दिसत नाहीत पण मांडणी अशी दिसते की कोण कुठे सरकतोय ते खालच्या महागड्या खुर्च्यांपेक्षा नीट कळतं. जेट्स २१-७ ने पुढे होते. चेंडू सीहॉक्सच्या गोलरेषेच्या तोंडाशी. आणखी एक टचडाउन झाला की दिवस आपला. जे-ई-टी-एस, जेट्स, जेट्स, जेट्स ही आरोळी मजल्यामजल्यांवरून फिरत होती. रॉजर्सच्या हातात चेंडू आला आणि समोरच्या फळीतला एक आडदांड गडी अंगावर धावून यायचं सोडून मागे सरकला. आम्हाला वरून ते दिसत होतं. रॉजर्सला दिसलं नाही. पास सरळ त्या गड्याच्या हातात बसला.

मग तो धावत सुटला. तीनशे पौंडांचा माणूस. आधी आसपासचे लोक हसत होते, हा कुठवर पळणार म्हणून. चाळीस यार्ड झाले, पन्नास झाले, हसू थांबलं. कुणी त्याला गाठेना. ९२ यार्ड पळून तो पलीकडच्या गोलरेषेत जाऊन पडला तेव्हा त्याला धाप लागलेली आमच्या मजल्यावरूनही कळत होती. लिओनार्ड विल्यम्स. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर आपणच घेतलेला, २०१९ मध्ये जायंट्सना देऊन टाकलेला. सीहॉक्सचा क्वार्टरबॅक जीनो स्मिथ. तोही २०१३ ला आपणच आणलेला. २०१५ मध्ये आपल्याच लॉकर रूममध्ये एका सहकाऱ्याच्या ठोशाने त्याचा जबडा मोडला होता, ६०० डॉलरच्या देण्यावरून. त्या जीनोने शांतपणे सामना फिरवला. २६-२१. परतीच्या ट्रेनमध्ये माझी लेक बोटांवर मोजत होती. म्हणाली, "बाबा, मग आपण आपल्याशीच हरलो ना?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा.

मिकोल हार्डमनचं उदाहरण तर याहून वर्मी लागणारं आहे. २०२३ मध्ये जेट्सनी त्याला आणलं, फारसं खेळवलंच नाही, आणि ऑक्टोबरात कॅन्सस सिटीला परत धाडलं. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जादा वेळेत गेला. जिंकून देणारा शेवटचा टचडाउन झेलला तो हार्डमनने. योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. बोल्स, डार्नल्ड, स्मिथ, विल्यम्स, हार्डमन एवढ्यांच्या बाबतीत होत असेल तर दोष माणसांत शोधून उपयोग नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे कुणाला मुरू देत नाहीत. डार्नल्डला तीन मोसम मिळाले, त्यात दोन मुख्य प्रशिक्षक. झॅक विल्सन बावीस वर्षांचा पोरगा, पहिल्या दिवसापासून मैदानात ढकलला आणि त्याच्या मागे शिकवायला एकही जुनाजाणता क्वार्टरबॅक ठेवला नाही. तो बिचकला तेव्हा बाजूला सारला आणि रॉजर्सना आणलं. त्यासाठी त्यांच्या आधीच्या संघाला, ग्रीन बे पॅकर्सना, काय दिलं ते आम्हाला पाठ आहे: पहिल्या फेरीत तेराव्याच्या बदल्यात पंधरावा क्रमांक घेतला, शिवाय त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची अशा दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी गेल्या. ११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री रॉजर्स हातात झेंडा घेऊन धावत बाहेर आले, मैदान दणाणलं, आणि चौथ्याच डावाला त्यांच्या टाचेची शीर तुटली. मग उरलेला मोसम पुन्हा त्याच विल्सनच्या गळ्यात. ज्याला तुम्ही नालायक ठरवलंत त्यालाच तारणहार व्हायला सांगितलंत. एखाद्याचा आत्मविश्वास घालवायची याहून खात्रीची रीत मला तरी माहीत नाही.

रॉजर्सना मी वाईट म्हणणार नाही. यंदा सतराच्या सतरा सामने खेळले, २८ टचडाउन, ११ इंटरसेप्शन (विरोधकांच्या हाती गेलेले पास). एक्केचाळीस वर्षांचा माणूस आहे तो. शेवटच्या सामन्यात डॉल्फिन्सविरुद्ध कारकिर्दीतला पाचशेवा टचडाउन पास टाकला तेव्हा आम्हीही उभे राहून टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या ओळखीचे म्हणून हॅकेट आले, ॲलन लझार्ड आले, रँडल कॉब आले, आणि सालेह गेल्यावर आठवड्याभरातच डेव्हान्टे ॲडम्सही आले. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी सगळ्या घराची मांडामांड बदलावी तसं झालं. पाहुण्याचाही त्यात दोष नाही. घर कुणाचं आहे, हे घरच्यांनी ठरवायचं असतं.

आणि बचावातला हसान रेडिक? त्याला ईगल्सकडून घेतलं, पण करारावरून तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत कामावरच आला नाही. तो यायच्या आधीच त्याच जागेवरचा आपला ब्राइस हफ ईगल्सकडे निघून गेला होता. या व्यवहारावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मोठं नाव आणलं की करंडक येतो, ही समजूत फक्त तुमचीच आहे असं नाही. २०२४ च्या आयपीएलला मुंबई इंडियन्सनी रोहितला बाजूला करून हार्दिकला गुजरातहून परत बोलावून कप्तान केलं, आणि पाच वेळचा विजेता संघ दहांत दहावा आला. आमच्या घरात एकाच वर्षात हे दोन्ही सोसून झालं. फरक इतकाच की मुंबईच्या कपाटात पाच करंडक आहेत. जेट्सच्या कपाटात एक. तोही बरोबर आजच्या तारखेचा: १२ जानेवारी १९६९, मायामी, बॉल्टिमोर कोल्ट्सवर १६-७. आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक जो नेमथने आधीच जिंकायची हमी दिली होती आणि ती पाळली. चंद्रावर माणूस उतरायला तेव्हा अजून सहा महिने होते.

जाता जाता मैदानाचंही बोलून घेतो, कारण ते तुमच्या हातात आहे. आपल्या मेटलाइफ मैदानावर कृत्रिम गवत आहे. रॉजर्सची शीर त्यामुळेच तुटली असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण खेळाडूंची संघटना वर्षानुवर्षं खरं गवत मागतेय आणि लीगचे मालक ऐकत नाहीत. आता २०२६ च्या १९ जुलैला याच मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. त्या दुसऱ्या फुटबॉलच्या लोकांना खरं गवत लागतं, म्हणून त्यांच्यासाठी ते अंथरलं जाणार. पाहुण्या संघांसाठी होतं, आपल्या पोरांसाठी होत नाही? गेल्या जूनमध्ये लाँग आयलंडला भारत-पाकिस्तान सामना झाला तेव्हा खेळपट्ट्या फ्लोरिडात वाढवून ट्रकांवर घालून आणल्या होत्या. ती खेळपट्टी खेळायला कशी होती ते सोडा, त्यावर वेगळं पत्र होईल. सांगायचं एवढंच की ज्याला गवत आणायचं असतं तो आणतो. जायंट्सवाले मैदानात तुमचे भागीदार आहेत, त्यांनाही बरोबर घ्या. यंदा दोघांचे मिळून ८ विजय आहेत, तेव्हा कुणी कुणापुढे टेंभा मिरवण्यासारखं काही नाही.

आता मुख्य मागणी. नवा जनरल मॅनेजर आणि नवा मुख्य प्रशिक्षक शोधण्यासाठी तुम्ही माइक टॅननबॉम आणि रिक स्पीलमन यांची मदत घेतली आहे. टॅननबॉम आपलेच जुने जनरल मॅनेजर, शेवटचे प्लेऑफ पाहिले ते त्यांच्याच काळात. मुलाखतींना आपले जुने प्रशिक्षक रेक्स रायन यांनाही बोलावलंत. आम्हाला रेक्स आवडतात, ते बोलायला लागले की करमणूक होते, पण जुनं वैभव आठवून माणूस नेमू नका. कुणालाही नेमा, फक्त नेमल्यावर तीन मोसम त्याला हात लावू नका. पहिल्या मोसमात तीनच सामने जिंकले तरी लावू नका. तरुण क्वार्टरबॅक आणलात तर त्याच्याबरोबर एक अनुभवी माणूस ठेवा आणि जो प्रशिक्षक त्याला निवडेल तोच त्याच्या तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्याबरोबर राहील याची काळजी घ्या. चुका होतील. नोव्हेंबरात थंडीत बसून आम्ही ओरडू, शिट्ट्या मारू, नको ते बोलू. तो आमचा हक्क आहे. आमच्या ओरडण्यावरून मंगळवारी सकाळी निर्णय घ्यायचा नाही, हे तुमचं काम.

रॉजर्सना हवं तर एक चांगला निरोप समारंभ द्या आणि मोकळं करा.

आणि जी माणसं अजून हातात आहेत त्यांचं बघा. क्विनन विल्यम्स आहे, ब्रीस हॉल आहे. २०२२ च्या ड्राफ्टमधले सॉस गार्डनर आणि गॅरेट विल्सन हे त्या वर्षीचे बचाव आणि चढाई या दोन्हींतले सर्वोत्तम नवे खेळाडू ठरले होते, दोघंही एकाच संघाचे, दोघंही आपले. एवढ्या गोंधळात गॅरेटने यंदा १०१ झेल घेऊन १,१०४ यार्ड काढले. हॅलोविनच्या रात्री टेक्सन्सविरुद्ध त्याने एका हाताने, हवेत आडवा होऊन घेतलेला झेल आमच्या गल्लीतली पोरं अजून सोफ्यावरून उड्या मारून करून बघतात. सोफ्यांचं काय होतं ते पालकांना विचारा. या दोघांचे तीन मोसम आता पुरे झाले आहेत, म्हणजे नियमाने त्यांचे करार वाढवता येतात. ते काम उन्हाळ्यावर ढकलू नका आणि नवा प्रशिक्षक आला की आधी त्यांना त्याच्यासमोर बसवा. लेकीकडे गॅरेटची पाच नंबरची हिरवी जर्सी आहे. तिच्या मापाची दुसऱ्या रंगाची घ्यायला लावू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जेट्सवाला